टीव्हीच्या गप्पांतून इंग्रजी: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी

दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम सगळं इंग्रजीत, ही आपल्या भागातली नेहमीची वाट. कन्नड बाजारात आणि शेजारात कानावर पडून येते, हिंदी टीव्हीनं दिली. इंग्रजीचं तसं होत नाही. पेपर लिहिता येतो, फॉर्म भरता येतो, पण उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला बसलं, किंवा गोव्यात हॉटेलात कामाला लागलं आणि समोरचा पाहुणा बोलायला लागला, की वाक्य तोंडातून निघत नाही.

यावर सगळे एकच सल्ला देतात: इंग्रजी पिक्चर बघ, इंग्रजी बातम्या ऐक. मीही तेच ऐकत आलो. त्यानं कान तयार होतो, तोंड नाही. आमच्या छोट्या गटात आम्ही वेगळं केलं आणि त्याचाच मला उपयोग झाला. घरात रोज जे लागतंच, मराठी मालिका, कन्नड मालिका, क्रिकेट, बातम्या, त्याच्यावर इंग्रजीत बोलायचं. कार्यक्रम इंग्रजी असायची गरज नाही. गोष्ट आधीच माहीत असते, पात्रं ओळखीची असतात आणि मत तर प्रत्येकाला असतंच. शोधायचे राहतात ते फक्त शब्द. नवा विषय आणि नवी भाषा अशी दोन्ही ओझी एकदम उचलावी लागत नाहीत.

काय काय लागेल

- तीन ते पाच माणसं. दोघं असतील तरी चालतं, पण एक आजारी पडला की सगळं बंद पडतं.
- प्रत्येकाची एक शंभर पानी वही.
- रेकॉर्डिंग होणारा एक फोन. भारीतला नको.
- एक शब्दकोश, छापील किंवा फोनमधला. उच्चार ऐकवणारा असेल तर उत्तम.
- टीव्हीचा रिमोट, म्हणजे तो हातात मिळण्याची परवानगी. हे सगळ्यांत अवघड.
- बसायला जागा. वाचनालयाची किंवा गणपती मंडळाची खोली मागणार असाल तर साध्या कागदावर अर्ज द्या: कोण बसणार, कुठल्या वारी, किती वाजता, आणि जबाबदार माणसाची सही. तोंडी विचारलं तर "बघू की" म्हणतात आणि ते बघणं वर्षभर चालतं.

१. गट जमवा, पण वेळ नीट निवडा

संध्याकाळी सात ते साडेनऊ ही वेळ ठेवू नका. मालिका तेव्हाच असतात आणि मालिका सोडून मालिकेवर बोलायला कोण येणार? आमच्याकडे रविवारची सकाळ जमली. अर्धा तास पुरे. तासभर ठेवला की शेवटची वीस मिनिटं मराठीत चहा पीत जातात.

गटात एकजण कन्नड बोलणारा घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण मग मराठीची पळवाट बंद होते. अर्थात बेळगावातला कन्नड माणूस मराठी इतकं छान बोलतो की दहा मिनिटांत दोघंही मराठीवर घसरतात. धारवाडकडून किंवा गोकाककडून नोकरीसाठी आलेला कोणी मिळाला तर बघा. त्याला मराठी येत नाही, तुम्हाला त्याची कन्नड पुरत नाही, आणि मग इंग्रजीची खरी गरज पडते.

वयाचं बंधन नको. कॉलेजची पोरं आणि घरातली काकी एका गटात असल्या तर उलट मजा येते. मालिकांची माहिती काकींकडे, व्याकरण पोरांकडे.

२. आठवडाभर स्वतःची टीव्हीची वही लिहा

बोलायच्या आधी हे करा. रोज रात्री तीन ओळी: काय बघितलं, किती वेळ, कोणाबरोबर. इंग्रजीत. चुकलं तर चुकू दे.

इथे आपल्या बेळगावी बोलीचा फायदा घ्या. आपण "मी बातम्या बघतो" आणि "मी बातम्या बघालोय" यात कधी गोंधळ करत नाही. पहिलं सवयीचं, दुसरं आत्ता चाललेलं. इंग्रजीत नेमकी हीच विभागणी आहे. बघतो म्हणजे "आय वॉच द न्यूज". बघालोय म्हणजे "आय ॲम वॉचिंग द न्यूज". वहीत सवयी लिहायच्या आहेत, त्यामुळे पहिला प्रकार लागेल. "आय ॲम वॉचिंग न्यूज डेली" असं हात आपोआप लिहितो, तिथे थांबून स्वतःला विचारा: बघतो की बघालोय?

सवय सांगताना किती वेळा ते सांगणारे शब्द लागतात: ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, हार्डली एव्हर, नेव्हर. यातले बहुतेक क्रियापदाच्या आधी बसतात. "आय युज्वली वॉच क्रिकेट विथ माय ब्रदर." "माय मदर नेव्हर मिसेस हर सीरियल." मोजून सांगायचं असेल तर ते वाक्याच्या शेवटी: "वन्स अ वीक", "ट्वाइस अ वीक", "थ्री टाइम्स अ वीक". "वन टाइम इन वन वीक" नाही.

आठवड्याच्या शेवटी वही उघडली की कळतं, आपण टीव्ही किती बघतो. हे इंग्रजीच्या बाहेरचं दुखणं आहे, त्यात मी पडत नाही.

३. एकमेकांना प्रश्न विचारा

पहिल्या दोन-तीन बैठका फक्त प्रश्नोत्तरांच्या ठेवा. उत्तर देणं सोपं असतं, प्रश्न तयार करताना आपण अडखळतो. म्हणून प्रश्न वहीत लिहून आणा, पण विचारताना वहीत बघू नका. हे चालू करायला घ्या:

- "व्हॉट डू यू युज्वली वॉच इन द इव्हनिंग?"
- "हाउ ऑफन डू यू वॉच द न्यूज?"
- "डू यू वॉच ऑन टीव्ही ऑर ऑन युवर फोन?"
- "हू कीप्स द रिमोट इन युवर हाउस?"
- "विच प्रोग्राम कान्ट यू स्टँड?"

चौथ्या प्रश्नावर आमच्याकडे सगळ्यात जास्त बोलणं झालं. रिमोट कोणाकडे असतो यातून आख्ख्या घराचं राजकारण बाहेर येतं आणि माणूस चुकीची भीती विसरून बोलतो.

नियम एकच: "येस" किंवा "नो"वर उत्तर संपवायचं नाही. पुढे एक कारण जोडायचं. "नो, बिकॉज द ॲड्स आर टू लाँग." एवढं आलं तरी पुष्कळ.

४. मालिकेचा भाग इंग्रजीत सांगा

हा सगळ्या पद्धतीचा गाभा. यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या.

प्रत्येकानं काल बघितलेला एक भाग दोन मिनिटांत सांगायचा. गोष्ट सांगताना साधा वर्तमानकाळ वापरा. इंग्रजीत कथानक सांगायची तीच रीत आहे आणि भूतकाळाची अवघड रूपं आठवत बसावी लागत नाहीत. "शी फाइंड्स द लेटर. शी डझन्ट टेल एनीवन."

आमच्या शेजारच्या काकींनी पहिल्यांदा गोष्ट सांगितली ती अशी: "मदर-इन-लॉ हाइड द लेटर. डॉटर-इन-लॉ डोन्ट नो. सडनली हजबंड कम." तीन वाक्यं, आणि सगळ्यांना सगळं कळलं. मध्ये कोणी बोललं नाही. त्यांचं झाल्यावर गटातल्या पोरानं वहीतून तीनच गोष्टी वाचल्या: "काकी, हाइडला हाइड्स, डोन्टला डझन्ट, कमला कम्स." काकी म्हणाल्या, "म्हणजे शेवटाला स लावायचा. एवढंच न्हवं?" दुसऱ्या फेरीत त्यांनी पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं, तेही इंग्रजीत. मग धारवाडहून आलेल्या आमच्या मित्रानं विचारलं, "व्हाय डझन्ट शी बर्न इट?" काकी लगेच: "इफ शी बर्न्स इट, द सीरियल विल फिनिश!" हे वाक्य त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

यातून तीन नियम घ्या.

बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही. चुका वहीत टिपायच्या आणि शेवटी सांगायच्या. एका वेळी तीनच. दहा चुका सांगितल्या तर माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

तीच गोष्ट लगेच दुसऱ्यांदा सांगायची. पहिल्या वेळी शब्द शोधण्यात जीव जातो, दुसऱ्या वेळी वाक्य सुधारायला डोकं मोकळं असतं. कंटाळा येईल म्हणून ही फेरी गाळू नका. खरी सुधारणा इथेच होते.

ऐकणाऱ्यांनी किमान एक "व्हाय" विचारायचा. त्याशिवाय ते पाठांतर होतं.

आपल्या मालिकांत नात्यांचा गुंता मोठा आणि इंग्रजीत नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्या "सिस्टर-इन-लॉ". तीन सिस्टर-इन-लॉ एका स्वयंपाकघरात आल्या की गोष्ट कळेनाशी होते. तिथे नातं फोडून सांगा: नणंद म्हणजे "हर हजबंड्स सिस्टर", जाऊ म्हणजे "हर हजबंड्स ब्रदर्स वाइफ". किंवा सरळ पात्राचं नाव घ्या.

"सीरियल" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो, पण परदेशी माणसाला तो ऐकून सकाळची न्याहारी आठवू शकते. त्याच्याशी बोलताना "सोप" किंवा "सोप ऑपेरा" म्हणा. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवरच्या रोजच्या मालिकांना साबण कंपन्या पैसे पुरवायच्या, त्यावरून हे नाव पडलं.

५. मत द्या, तुलना करा, भांडा

गोष्ट सांगता यायला लागली की मतांकडे वळा. सीमाभागात याला तयार विषय आहे. एकाच साच्याचा कार्यक्रम आपण दोन भाषांत बघतो. बिग बॉस घ्या. मूळ कार्यक्रम नेदरलँड्समधला, १९९९चा. कन्नडमध्ये तो २०१३ साली सुदीप घेऊन आले, मराठीत २०१८ साली महेश मांजरेकर. अनेक घरांत दोन्ही बघितले जातात आणि कुठला चांगला यावर वादही होतो. तोच वाद इंग्रजीत घाला: "द कन्नड वन इज मोर एक्सायटिंग दॅन द मराठी वन." "आय डोन्ट थिंक सो. द मराठी होस्ट इज फनियर." तुलनेचं सगळं व्याकरण इथे आपोआप घोटलं जातं.

न पटल्याचं सांगायची वाक्यं आधीच पाठ करा, कारण रागाच्या भरात ती सुचत नाहीत: "आय सी युवर पॉइंट, बट…", "आय ॲम नॉट सो शुअर", "दॅट्स ट्रू, बट लुक ॲट द…". तोंडावर "यू आर राँग" म्हणणं इंग्रजीत फार टोकाचं वाटतं.

बातम्यांच्या चर्चेचे कार्यक्रम सुरुवातीला घेऊ नका. तिथे सगळे एकदम ओरडतात, त्यातून ऐकायला काही मिळत नाही. आणि सीमाप्रश्नाची बातमी निघाली की आपल्या कुठल्याही गटाचं इंग्रजी दुसऱ्या मिनिटाला संपतं. तो विषय चहाच्या वेळेला ठेवा, मराठीत.

६. मोठ्या माणसांना जुन्या दिवसांवर बोलतं करा

"यूज्ड टू" शिकायला यापेक्षा चांगला विषय मला माहीत नाही. १९८७-८८ मध्ये दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं. गल्लीत एखाद-दुसऱ्याच घरात टीव्ही असायचा. गटातल्या पन्नाशीच्या माणसाला एवढंच विचारा: "वेअर डिड यू यूज टू वॉच इट?" मग बघा. "वी यूज्ड टू गो टू अवर नेबर्स हाउस. वी यूज्ड टू सिट ऑन द फ्लोअर." अँटेना फिरवायला गच्चीवर कोण चढायचं, खालून "आलं, आलं, गेलं!" कोण ओरडायचं, सगळं येतं. प्रश्नात "डिड" आला की "यूज टू" लिहायचं, "यूज्ड" नाही. बोलताना फरक ऐकूही येत नाही, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नका.

७. आता इंग्रजी कार्यक्रमांकडे या

इथवर यायला काही महिने लागतील. लागू देत. आता कानाला काम द्या.

पहिलं काम रिमोटचं. बऱ्याच सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर "ऑडिओ" किंवा "लँग" असं बटण असतं. डिस्कव्हरीसारख्या चॅनेलवर ते दाबलं की भाषा बदलता येते. तुमच्याकडे ते हिंदीत लागत असेल तर इंग्रजी निवडा. पॅकमध्ये इंग्रजी चॅनेल नसेल तर केबलवाल्याला विचारा. २०१९ पासून चॅनेल निवडून घेण्याची पद्धत आहे, त्यामुळे एकदोन चॅनेलसाठी मोठा पॅक गळ्यात मारून घेऊ नका. घरी डीडी फ्री डिश असेल तर डीडी इंडिया बघा. ते इंग्रजी आहे आणि महिन्याचे पैसे नाहीत.

प्राण्यांचे कार्यक्रम आधी घ्या. निवेदक सावकाश बोलतो, आणि जे बोलतो तेच पडद्यावर दिसत असतं. डेव्हिड ॲटनबरो यांचं निवेदन कुठे मिळालं तर सोडू नका. शब्द न् शब्द वेगळा ऐकू येतो. त्यानंतर क्रिकेटचं इंग्रजी समालोचन. खेळ आपल्याला पाठ असल्यानं न कळलेला शब्दसुद्धा अंदाजानं कळतो. विनोदी मालिका सगळ्यात शेवटी, कारण विनोद कळायला भाषेबरोबर तिथलं जगणंही कळावं लागतं.

एका वेळी तीन ते पाच मिनिटांचाच तुकडा घ्या. एकदा सबटायटलशिवाय, एकदा इंग्रजी सबटायटल लावून, पुन्हा एकदा सबटायटल काढून. हिंदी सबटायटल लावू नका. डोळे तेच वाचतात आणि कान झोपतो. ऐकलेलंच अक्षरात दिसण्याचा फायदा आपल्या देशात नीट तपासला गेलाय. अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या गाण्यांना त्याच भाषेतली अक्षरं द्यायची कल्पना पुढे आणली, ती लोकांना वाचता यावं म्हणून. इंग्रजी शिकणाऱ्यालाही ती तशीच लागू पडते.

तुकडा बघून झाला की टीव्ही बंद, आणि चौथी पायरी पुन्हा: गोष्ट सांगा, दोनदा.

आपल्या लोकांचे नेहमीचे सापळे

- आपण टीव्ही "लावतो" आणि "बंद करतो", म्हणून तोंडात "पुट द टीव्ही", "क्लोज द टीव्ही" येतं. "टर्न ऑन", "टर्न ऑफ" म्हणा. आवाज मोठा करायचा तर "टर्न इट अप", कमी करायचा तर "टर्न इट डाउन".
- टीव्हीला "सी" नाही, "वॉच". आणि "इन टीव्ही" नाही, "ऑन टीव्ही".
- "आय ॲम बोअरिंग" म्हटलं तर मीच कंटाळवाणा आहे असा अर्थ होतो. "आय ॲम बोअर्ड. द शो इज बोअरिंग."
- "आय लाइक इट टू मच" मध्ये तक्रार आहे. आवडलं असेल तर "व्हेरी मच".
- "डिस्कस"नंतर "अबाउट" नको. "वी डिस्कस्ड द एपिसोड."
- लाइट गेली की "लाइट वेंट" म्हणू नका, "वी हॅड अ पॉवर कट". खानापूरकडच्या पावसाळ्यात हे वाक्य रोज वापरायला मिळेल.
- "एपिसोड"चा "येपिसोड" आणि "एव्हरी"चा "येव्हरी" होतो का, ते रेकॉर्डिंग लावून ऐका. स्वतःच्या तोंडचा "ये" एरवी ऐकू येत नाही.

मुलाखतीत हे कसं वापरायचं

"व्हॉट आर युवर हॉबीज?" याला पोरं "रीडिंग बुक्स" सांगतात, आणि पुढचा प्रश्न कुठलं पुस्तक असा आला की अडकतात. तुम्ही खरं ते सांगा: "आय वॉच वाइल्डलाइफ डॉक्युमेंटरीज." पुढे काय विचारतील ते ठरलेलं आहे: कुठली बघितली, काय आवडलं, का आवडलं. हे तिन्ही तुम्ही गटात कितीतरी वेळा बोललेलं असणार. मात्र जे बघितलेलं नाही ते सांगू नका, आणि पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवू नका. समोरच्यानं मध्ये एखादा "व्हाय" टाकला की पाठांतर उघडं पडतं.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी गटात एकदा खुर्ची समोरासमोर टाकून हे करून बघा. प्रश्न विचारायला घरातला माणूस बसवू नका, तो हसतो. गटातल्या सगळ्यात कमी ओळखीच्या माणसाला बसवा.

गणपतीच्या दिवसांत आणि सुगीत गट विस्कळीत होतो. तेव्हा बैठक रद्द करायच्या ऐवजी प्रत्येकानं एक मिनिटाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून बाकीच्यांना पाठवायचं, आणि ऐकणाऱ्यानं एक "व्हाय" परत पाठवायचा.